एक सोडायचं काम

पावणेचारला हिम्मतराव बिरादारांचा दिवस सुरू व्हायचा. गजर लागत नसे. मलकपेठच्या रेसकोर्सवर एकतीस वर्षं त्यांनी साईस म्हणून घोडे सांभाळले होते, आणि चार वाजले की घोडा माणसाची वाट बघतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पाय त्याच वेळी अंथरुणाबाहेर पडत. आता जायला जागा नव्हती, एवढाच फरक. मग ते दोन खोल्यांत येरझारा घालत. घासलेली भांडी पुन्हा घासत. पाण्याचा पिंप आतून पुसत. भामाबाई पडल्या पडल्या म्हणायच्या, "अहो, झिजेल तो पिंप."

भामाबाईंचं बोलणं कळायला सवय लागे. त्यांच्या तोंडात एकही दात राहिला नव्हता. शेवटचे चार काढून दीड वर्ष झालं होतं. भाकरी वरणात भिजवून, लगदा करून खायच्या, तेही भिंतीकडे तोंड करून. बसवकल्याणला सख्ख्या भावाच्या घराची वास्तुशांत झाली, तिकडे गेल्या नाहीत. तोंडाला पदर लावून किती वेळ बसू, म्हणाल्या. नारायणगुड्याच्या डॉक्टरने कवळीचा खर्च सांगितला होता. मुलगा ओमकार द्यायला तयार होता. पण त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता होता. हिम्मतरावांनी त्याला सांगितलं, तू तुझं भर, हे माझ्या हातचं आहे. पेन्शन पोटापुरती होती. म्हणजे हाताला काम शोधणं आलं.

काम गल्लीतच पडलेलं होतं. रेसकोर्सच्या मागच्या कॉलनीत पाळलेली अकरा कुत्री, वर भटकी. सकाळी मालक साखळी धरून यायचे, कुत्रं कोणाच्या तरी फाटकासमोर बसायचं आणि मालक आकाशाकडे बघायचा. मग भांडण. मग कोणीतरी बादलीभर पाणी मारायचं आणि एका जागची घाण दहा फुटांवर पसरायची. हिम्मतरावांना ते पाणी मारणं बघवत नसे. ओली घाण कधी धुवायची नसते. आधी लाकडाचा भुसा टाकायचा, ओल पिऊ द्यायची, मग एका दमात उचलायची. मागे डागही राहत नाही. एकदा न राहवून त्यांनी घरून मूठभर भुसा आणून एका फाटकासमोर तसं करून दाखवलं. बघणारी होती हर्षदा, मलाई नावाच्या लॅब्रॅडोर कुत्रीची मालकीण. कॉम्प्युटरमधली नोकरी, घरात मराठी, बाहेर सगळ्या भाषा.

"काका, हे तुम्ही बिझनेसच करा ना," ती म्हणाली. "हम सब पैसे देंगे. प्रॉमिस."

तिनेच कॉलनीच्या मंडळींसमोर विषय काढला. ठरलं असं, की दीड महिना हिम्मतरावांनी काम करून दाखवायचं. पटलं तर ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्या घरांनी महिना बांधून द्यायचा. सेक्रेटरी श्रीनिवासराव, कोर्टातले निवृत्त कारकून, जुन्या शहरातल्या नोकरपेशा घराण्यातले. त्यांनी अटी कागदावर उतरवून घेतल्या.

हिम्मतरावांनी तेलाचा डबा कापून सुपडं केलं. धार दोनदा दुमडली, रस्ता खरवडू नये म्हणून. दांडा छातीपर्यंतचा घेतला, कारण ज्याला दिवसातून शंभरदा वाकावं लागतं तो चौथ्या दिवशी काम टाळायला लागतो. वखारीतून भुसा आणला. पंपघराच्या मागे कमरेइतका खड्डा खणला, वर झाकण केलं. उचललेलं सगळं त्यात थराथरानं भुशाखाली जायचं.

पण नुसतं उचलत राहणं म्हणजे रोज तेवढंच काम. त्यांना घाण कमी करायची होती. घोडा एकदा एका कोपऱ्यात लीद टाकायला लागला की तिथेच टाकतो. नवं, बेशिस्त शिंगरू आलं की तबेल्यातला म्हातारा जमादार सांगायचा, कोपऱ्यातली मूठभर लीद राहू दे, वासानं तो जागा धरेल. कुत्रं त्याहून नाकाचं पक्कं. म्हणून गल्लीच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीलगत, त्यांनी विटा लावून सहा फूट बाय चार फुटांचा वाफा केला. खाली वाळू, वर भुसा. गल्लीत कुठेही सापडेल ते त्या वाफ्यात आणून ठेवायचे आणि मालकांना सांगायचे, आधी इकडे फिरवा. कॉलनीने वाफ्याला छोटा रेसकोर्स नाव ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात अकरापैकी आठ कुत्री ओढत मालकांना तिकडे नेऊ लागली. भटकीही मागोमाग.

रोज वाफ्यातलं सगळं उचलायचं आणि एक ताजं सोडायचं. बस, एवढीच युक्ती होती.

आणि तेवढंच हिम्मतरावांना जड जात होतं. उचललेल्या जागेवर हात फिरवावा इतकं स्वच्छ काम त्यांनी आयुष्यभर केलेलं. आता काम संपवून फाटकापर्यंत जायचं आणि मागे वळून बघायचं, तर ते तिथेच. घरी गेले तरी डोळ्यांसमोर तेच. अकराला परत यायचे, दुपारी परत यायचे. सुपडं हातात घ्यायचे, ठेवायचे. जेवताना मांडी हलायची. भामाबाई म्हणायच्या, "हात बांधून ठेवा ना एकदा दोरीनं."

दीड महिना संपत आला. निर्णयाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, श्रीनिवासराव फिरायला आले आणि वाफ्यापाशी थांबले. सोबत कॉलनीतले दोघं होते.

"बिरादार, सगळं काढलं आणि हे एक ठेवलं? काय, तीट लावलीय का, नजर लागू नये म्हणून?"

सोबतचे हसले. हिम्मतराव सांगणार होते, पण श्रीनिवासरावांचं अजून संपलं नव्हतं. "हौ, मी रोज बघतो ना. एक राहतंच. पैसे पूर्ण आणि काम पाऊण, असं उद्या बैठकीत चालायचं नाही."

काम पाऊण. हे शब्द हिम्मतरावांना एकतीस वर्षांत कोणी ऐकवले नव्हते. हर्षदाला पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतं, पण या माणसाला ते आता बोलून सांगणं म्हणजे सबब सांगितल्यासारखं दिसलं असतं. तबेल्यात ट्रेनर बोलला तर उत्तर तोंडानं देत नसत. हातानं देत.

तो दिवस त्यांनी कसाबसा काढला. रविवारी पावणेचारच्या आधीच उठले. वाफ्यातलं ते एक उचललं. भुसा पूर्ण काढला. वाळू उपसून नवी घातली. विटा एकेक घासल्या. मग बादलीभर फिनेल आणि वर चुन्याची रेघ. उजाडेपर्यंत वाफा असा चकचकीत झाला की तिथे पाट मांडावा. किती दिवसांनी त्यांचा श्वास मोकळा झाला. कोणीही यावं आणि बोट दाखवावं, असं मनाशी म्हणत ते भिंतीला टेकले.

सहाला पहिली आली मलाई. नेहमीसारखी ओढत आली, नाक खाली घातलं, शिंकली आणि मागे फिरली. वाफ्यात कुत्र्यांच्या नाकाला लागेल असं काहीच उरलं नव्हतं. फिनेलने तर नाक जाळलं असणार. मलाई दोनदा गोल फिरली आणि श्रीनिवासरावांच्या फाटकासमोर बसली. तिच्यामागून आलेलं कुत्रं स्कूटरजवळ. तिसरं रांगोळीवर. हिम्मतराव सुपडं घेऊन धावत होते, एक उचलेपर्यंत दुसरीकडे पडत होतं. आठ वाजता श्रीनिवासराव दूध आणायला बाहेर पडले आणि त्यांची चप्पल भरली.

बैठक दहाला होती, खालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून. तोवर गल्ली स्वच्छ झाली होती, पण चप्पल सगळ्यांना माहीत झाली होती. श्रीनिवासरावांनी कागद काढला आणि म्हणाले की दीड महिन्याचा निकाल आज सकाळी दारातच मिळाला. कुत्र्यांची सवय जात नसते, आपण उगाच खर्चात पडतोय. दोघातिघांनी माना हलवल्या. हर्षदा बोलू लागली, तिला कोणी बोलू देईना.

हिम्मतराव मागे उभे होते. गप्प राहिले असते तर माणसाची लाज राहिली असती आणि काम गेलं असतं. कवळी गेली असती. ते दोन खुर्च्यांमधून पुढे आले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "कुत्र्यांची नाही. आज मी जास्त काम केलं."

कोणीतरी हसलं. श्रीनिवासरावांनी चष्मा वर केला. "जास्त म्हणजे?"

"ते एक सोडायचं होतं. वासासाठी. कुत्र्यानं जागा धरावी म्हणून. ते सोडणं हेच काम होतं, साहेब. तुम्ही काल बोललात आणि मला ते जमलं नाही. सगळं धुऊन टाकलं."

मग त्यांनी शिंगराचं सांगितलं, जमादाराचं सांगितलं. एका दमात, खाली बघत. संपल्यावर पंधरा दिवस मागितले, बिनपैशाचे.

"आणि पुन्हा हात शिवशिवले तर?" श्रीनिवासरावांनी विचारलं. आवाजात चप्पल होती, पण थोडी उतरली होती.

"बायकोला सोबत आणतो."

आता सगळेच हसले. पंधरा दिवस मिळाले.

भामाबाई आधी नको म्हणाल्या. लोकांत यायचं म्हणजे तोंड दाखवायचं. मग रात्रभर नवऱ्याची मांडी हलताना बघितली आणि पहाटे उठून चपला घातल्या. पदर नाकापर्यंत ओढून त्या वाफ्याच्या कडेला विटेवर बसत. हिम्मतराव सगळं उचलत, शेवटच्या एकापाशी येत, सुपडं पुढे करत. भामाबाई नुसतं "चला" म्हणत. तेवढं बिनदातांचं पण स्पष्ट निघे. ते चालू लागत. दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत फिरले, दोनदा भामाबाईंनी बाही धरली.

नवव्या दिवशी मलाईने वाफा धरला. तेराव्या दिवशी बाकीच्यांनी. पंधराव्या दिवशी वाफ्यावरच्या भिंतीला एक कागद चिकटवलेला दिसला. कोर्टातलं वळणदार अक्षर, वर मराठी, खाली तेच तेलुगूत आणि उर्दूत. "येथील एक नग जाणूनबुजून ठेवलेला आहे. रहिवाशांनी हरकत घेऊ नये." खाली सेक्रेटरीची सही. श्रीनिवासरावांनी महिना बांधून दिला, आणि पहिल्या तारखेला स्वतः वर्गणी गोळा करायला निघाले.

हिम्मतराव अजूनही दुपारी एक चक्कर मारतातच. बघतात आणि परततात.

तीन महिन्यांच्या कमाईवर नारायणगुड्याला कवळी झाली. डॉक्टरने बसवून दिली, घासायची कशी ते दाखवलं आणि पंधरा दिवस कडक काही खायचं नाही म्हणून बजावलं. बसस्टॉपवर एक गाडी उभी होती, जांबांची, म्हणजे पेरूंची. भामाबाईंनी ढीग चाचपून त्यातला सगळ्यात हिरवा उचलला, मीठ-तिखट लावून चार फोडी करून घेतल्या.

"अगं, डॉक्टर आत्ताच काय म्हणाला?"

"बस बघा तुम्ही."

हिम्मतराव बस बघत राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. एक आली, गेली. दुसरी रिकामी आली, तीही गेली. भामाबाई भर रस्त्यात, पदर खांद्यावर टाकून, दाढेखाली कच्चा जांब फोडत होत्या. बिया कवळीखाली जाऊन टोचत होत्या, ते त्यांनी घरी पोचल्यावर सांगितलं.