सृष्टीचं दहा पॉइंट सहा

आमची सृष्टी लई तोंडाळ. मीच सांगते, म्हंजे दुसऱ्या कोनी सांगायची गरज न्हाई. बारावी झाली तशी भावकी म्हनाली, पोरगी उजवून टाका, ऊस तोडायला नवरा-बायकोची आनखी एक जोडी, एक कोयता वाढंल. ती म्हनली, मी नगरला बीएस्सी करनार, फिजिक्स घेऊन. चुलता हसला. "फिजिक्स काय भाकरी थापतंय का?" ही म्हनली, "काका, भाकरी मी थापते, तुमी फिजिक्स करा." शेवटी तिच्या बापानं तोडगा काढला. शीक, पन एकदा जरी नापास झालीस तर लगीन.

पहिलंच वर्ष. आमी कारखान्याकडं उसाच्या फडात, आनि कॉलेजातनं फोन, पालकांना बोलावलंय. मुकादमाची बोलनी खाल्ली आनि यष्टीनं नगर गाठलं.

प्रॅक्टिकलच्या खोलीत फिजिक्सचे सर तापलेले. "ताई, हिचं जर्नल बघा." आता मला कुठं वाचता येतंय! मग त्यांनीच सांगितलं. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोका द्यायचा, घड्याळ लावून झोके मोजायचे आनि पृथ्वी किती जोरात खाली ओढती ते काढायचं. उत्तर नऊ पॉइंट आठ यायला पायजे. सगळ्या वर्गाचं आलं. हिचं दहा पॉइंट सहा.

"बदल म्हणतो तर बदलत नाही. असल्या जर्नलवर मी सही करणार नाही, आणि सही नसली तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. तुम्ही समजवा हिला."

झालं! परीक्षा न्हाई म्हंजे नापास, आनि नापास म्हंजे लगीन. मी तिला कोपऱ्यात वढलं. "कर की बाई सर म्हनत्यात तसं. एका आकड्यानं तुझं काय जातंय?"

"आई, मी किती खेपा मोजलंय. दर खेपेला हेच येतंय. बाकीची पोरं उत्तर आधी धरत्यात आनि झोके मागनं लिहित्यात. मी न्हाई लिहिनार." डोळ्यात पानी, पन मान ताठ.

एक ठेवून द्यावी वाटली मला, इतका राग आला. सरांकडं वळले ते माफी मागायला, आनि तोंडातनं निघालं भलतंच.

"सर, पोरगं चोरी करतंय म्हनून आईबापाला बोलवत्यात. माझी पोरगी खोटं लिहित न्हाई म्हनून तुमी मला फडातनं बोलावलं व्हय?"

सर लालबुंद. मी स्टुलावर बसकन मारली. "तुमीच मोजा की. नऊ पॉइंट आठ आलं तर हितंच हिच्या कानफटात देते आनि लिहायला लावते."

सरांनी मोजलं. दहा पॉइंट सहा. पुन्हा मोजलं. तेच. मग त्यांनी ते जुनं चावीचं घड्याळ मोबाईलशेजारी धरलं, तर घड्याळ मागं पडत हुतं. मोबाईल लावून मोजलं तवा कुठं नऊ पॉइंट आठ आलं.

आता सृष्टी गप बसती व्हय! "सर, हेच घड्याळ सगळ्यांनी वापरलं. मग बाकीच्यांचं नऊ पॉइंट आठ कसं आलं?"

आजूबाजूला पोरं हुती. सगळी माना खाली घालून आपापल्या झोक्याकडं बघाय लागली.

सरांनी सही केली. तिचा आकडा हुता तसाच राहिला, खाली घड्याळाचं कारन लिहायला सांगितलं. वर दम दिला, "परीक्षेला बाहेरचे सर येतात. ते माझ्यासारखं ऐकून घेणार नाहीत."

"मग त्यांनाबी मोजायला लावीन," ही म्हनली.

बाहेर आलो तशी पोरीची सगळी मिजास उतरली. माझा हात धरून बारीक आवाजात म्हनली, "आई, त्या बाहेरच्या सरांनी खरंच नापास केलं तर?"

"तर पुढच्या साली पुन्हा बस," मी म्हनलं. "तुझ्या बापाला मी बघते."