काटा अडल्यापासनंची मिनिटं

तीन हंगामांमागं साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या खिडकीखाली सयाजी गाडीवान आणि कॉम्प्युटर खात्याचे उदयसिंह साहेब कडाकडा भांडत होते. आत पावत्या फाडणाऱ्या अक्काताईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"दोन मिनिटं? माझी बैलं अर्धा तास उन्हात उभी हाईत, साहेब!"

"मशीनमधी नोंद हाय पावणं. माहिती चढायला दोनच मिनिटं लागत्यात. मशीन खोटं बोलत न्हाय."

"मग काय बैल खोटं बोलतोय?"

भांडण होतं ते असं. दिवसातनं चार वेळा काट्यावरची वजनं मुख्य कचेरीच्या मशीनला चढवायची. ती चढेस्तोवर काटा बंद. आणि रांगेत बैल सोडला की गाडीचा नंबर गेला, हा तिथला जुना कायदा. म्हणजे माहिती चढणार मशीनला अन् जू राहणार बैलाच्या मानेवर!

अक्काताईंचं टाळकं सरकलं. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी काढून टेबलावर ठेवलं. काटा कधी अडला, कधी सुटला, किती गाड्यांची वजनं गेली, सगळं वहीत. रोज चारला त्याची नक्कल साहेबांच्या टेबलावर. साहेब त्यावर चहाचा कप ठेवायचे.

"अक्का, तुम्हाला त्यातलं कळत न्हाय."

"कॉम्प्युटर कळत नसंल. घड्याळ कळतंय, अन् बैलाचं फेसाळल्यालं तोंडबी कळतंय. तुमचं मोजणं कवापासनं सुरू हुतंय?"

"माहिती हितं पोचली की."

"अन् तिथनं कवा निघाली ते?"

साहेबांनी कप उचलून चहाचा घोट घेतला.

"म्हंजी वरात दारात आली की तुमचं घड्याळ सुरू! वाटंत उन्हानं करपल्याली माणसं कुणी मोजायची?"

तरी कुणी मनावर घेतलं नाही. ह्या फाल्गुनात सयाजीचा पांढरा बैल रांगेतच बसला. उठला, पण परत जुवाखाली गेला नाही. कचेरीनं लिहिलं, 'गाडीवानाचा निष्काळजीपणा', आणि सयाजीची गाडी बंद केली. अक्काताईंच्या वहीत त्या दुपारची अडतीस मिनिटं होती. वही घेऊन त्या तीन साहेबांची दारं फिरल्या. तिघांनीही 'बघू' म्हटलं. बघू! बैल काय मशीनच्या आत उभा होता, बघायला?

आज अक्काताईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. शालश्रीफळ झालं, पेढे वाटून झाले. चारला त्या उठल्या. आजचा कागद घेतला, वर त्या अडतीस मिनिटांच्या दुपारचाही लावला, आणि कचेरीत गेल्या.

"आज तरी ऱ्हाऊ दे की अक्का," उदयसिंह म्हणाले. "शेवटचा दिवस."

"माझा हाय. बैलांचा न्हाय."

त्यांनी चहाचा कप उचलून बाजूला ठेवला, कागद टेबलावर ठेवले, आणि सव्वाचारला माहिती चढायची पाळी मोजायची होती म्हणून झपाझपा काट्याकडं परत निघाल्या.