निरोगी गटातला एकेचाळीस नंबर

प्रयोगशाळेत तिला सगळे बिनचूकबाई म्हणत. तोंडावर आदराने, पाठीमागे वैतागून. बावीस वर्षं तिचं एकच काम. डॉक्टर बारीक नळीतून रोग्याच्या फुफ्फुसात मिठाचं पाणी सोडत, परत ओढून घेत आणि ते गढूळ पाणी हिच्याकडे पाठवत. ती ते यंत्रात गरगरा फिरवी, तळाशी बसलेल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाही आणि वरच्या निवळीत कर्करोगाच्या खुणा शोधी. लेबल जरा वाकडं लागलं की हिचं तोंड दिवसभर वाकडं. हिच्या हाताखाली काम करणं म्हणजे तारेवरची कसरत, असं मदतनीस मुली म्हणत, आणि खोटं म्हणत नसत.

त्या वर्षी संशोधनाला निरोगी माणसांचे नमुने हवे होते, रोग्यांशी ताडून पाहायला. पण धडधाकट माणूस फुफ्फुसात नळी घालून घ्यायला कशाला येतोय? शेवटी तिने थोरल्या भावाला गळ घातली. तो सुतार. जन्मात कधी विडीला शिवला नव्हता.

"अगं, नळी घालायला मी काय तुंबलेली मोरी आहे?"

"दादा, एवढं कर ना माझ्यासाठी."

धाकट्या बहिणीला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. आला.

नमुन्यावर नाव नसे, नुसता नंबर. त्याचा एकेचाळीस. लेबल तिनेच लावलं होतं, म्हणून तिला ठाऊक.

त्यात कर्करोगाच्या खुणेचा आकडा निरोगी माणसाच्या चौपट निघाला. तिने यंत्राला दोष दिला, रसायन बदललं, पुन्हा केलं. आकडा तोच. तिसऱ्यांदाही तोच. मग पेशींची काच पाहिली. वेड्यावाकड्या, काळ्या गाभ्याच्या तसल्या पेशी तिने हजारदा पाहिल्या होत्या. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, झालेली असू दे, असं ती पुटपुटत राहिली. म्हणजे हे पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी भावाचं. तिला स्वतःची लाज वाटली, पण चाललं असतं. वह्या, नंबर, वेळा, सगळं तिने उलटून पालटून पाहिलं. चूक काही सापडेना. शेवटी तिने डॉक्टरांना काच दाखवली आणि एकेचाळीस नंबर कुणाचा ते सांगितलं.

"मी सांगतो त्यांना," डॉक्टर म्हणाले. "उद्याच स्कॅन करू."

"नको सर. मीच आणलं होतं त्याला."

दुपारी ती भावाच्या कारखान्यात गेली. तो एका फळीला रंधा मारत होता.

"काय गं, पास झालो का?"

वाटेत जुळवलेली वाक्यं सोडून ती सरळच म्हणाली, "दादा, त्या पाण्यात वाईट पेशी दिसल्या."

त्याने रंधा बाजूला ठेवला. "दुसऱ्या कुणाची बाटली असेल."

"नाही रे. तुझीच."

"नीट पाहिलंस?"

"तीनदा."

मग त्याने स्टुलावरचा भुसा हाताने झाडला आणि तिला खांद्याला धरून बसवलं.

"म्हणजे तुमचा एक निरोगी माणूस कमी झाला की गं," तो म्हणाला. "आता कुणाला पकडणार?"

तेव्हा मात्र ती त्याचा हात धरून ओक्साबोक्शी रडली.