साडूंचा सूट ट्रायलला आहे

कोल्हापुरातल्या ज्या शिंप्यानं आमच्या थोरल्या साडूंच्या छातीला टेप लावली नाही, त्यानं कालच दुकान उघडलं असलं पाहिजे. बाकी एकजात सगळ्यांनी लावली आहे. राजारामपुरीतले काचेच्या दारांचे टेलर झाले, महाद्वार रोडवरचे झाले, शाहूपुरीत जिन्याखाली मशीन टाकून बसलेले झाले. प्रत्येकापुढं साडूंनी हात पसरले, पोट आत ओढून श्वास धरला, मापं दिली, शिलाई विचारली आणि भाव ऐकून तो श्वास असा काही सोडला की टेबलावरचे खडू हलावेत. कापड मात्र एकाच्याही हाती दिलं नाही. मुलगी बघायला जायचं, पोहे खायचे आणि 'कळवतो' म्हणून उठायचं, तसं त्यांचं हे मापं देणं वर्षानुवर्षं चाललं होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. जन्मभर त्यांनी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर काम केलं. लेथवर जॉब एक सूत जरी कमीजास्त झाला तरी भंगारात जातो, आणि हीच शिस्त जगानं पाळावी अशी त्यांची साधी अपेक्षा. जग ती पाळत नाही, हे त्यांना सगळ्यात जास्त कपड्यांत दिसतं. रेडिमेड हा शब्द ते शिवीसारखा उच्चारतात. "कुनाचं तरी अंग डोळ्यांम्होरं धरून शिवत्यात आनि आपन आपलं अंग त्यात कोंबायचं. मानूस काय भंगार हाय व्हय?" समोर कुणीही येवो, साडूंची नजर आधी त्याच्या खांद्याच्या शिवणीवर जाते आणि मग तोंडावर. माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. पुढं अंतरपाट, कानांत मंगलाष्टकं, डोक्यावर अक्षता, आणि अशा त्या पवित्र वेळी मागून कुणीतरी माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली. कानाशी आवाज आला, "पावणं, शिलाई किती घेटली?" मी आकडा सांगितला. मागून एक दीर्घ 'च्च' आलं. माझ्या संसाराची सुरुवात त्या 'च्च'नं झाली आहे.

साडूंच्या या वेडाचं मूळ आमच्या सासऱ्यांपाशी आहे. त्यांना आम्ही दोघंही मामा म्हणतो. चंदगडच्या बाजूला डोंगरात त्यांची भातशेती आणि चार काजूची झाडं. थोरल्या लेकीच्या लग्नात मामांनी जावयाला सूटपीस दिला. निळसर करडा, अंगाला भारी, हात फिरवला की ऐटीत मागं रेलून बसावंसं वाटणारा. आणि सोबत शिलाईचं पाकीट. आहेरात कापड सगळेच देतात. शिलाईसुद्धा देणारा सासरा मोठ्या मनाचा. मामा भर मांडवात म्हणाले, "कापड माजं, शिलाई बी माजी. वर तुमी पै घालायची न्हाय." कुणीही शहाणा माणूस हे ऐकतो, मान डोलावतो आणि वर लागतील ते पैसे घालून सूट शिवून मोकळा होतो. साडूंनी ती शपथ मानली. पाकिटात आहे तेवढ्यातच सूट झाला पाहिजे. वर स्वतःचा पैसा घातला तर मामांचा आहेर अपुरा होता असं होईल. पहिल्या वर्षी त्या पैशात शिवणारे होते, पण त्यांचा हात साडूंना पसंत नव्हता. ज्यांचा हात पसंत पडला ते त्या पैशात शिवेनात. साडू भाव उतरायची वाट बघत बसले आणि भाव कुणाची वाट न बघता वर गेले. पाकीट होतं तिथंच, अक्कांच्या कपाटात, देवीच्या अंगाऱ्याशेजारी.

शिंप्याचा हात पारखायची साडूंची एक रीत होती. सूट सोपवण्याआधी ते त्याच्याकडून बाजाराची पिशवी शिवून घ्यायचे. ज्याला चार सरळ शिवणी घालता येत नाहीत, तो कॉलर काय बसवणार, हा सवाल. त्यामुळं आमच्या सगळ्या भावकीत पिशव्यांचा महापूर आला. लग्न असो, बारसं असो, साडूंकडून पिशवी ठरलेली. आमच्याच घरी एका खिळ्याला इतक्या टांगल्या होत्या की शेवटी खिळा निघाला. प्रत्येक पिशवीमागं एक नापास शिंपी आहे. "हिचं बंद बगा," साडू आमच्याच स्वयंपाकघरात आमचीच पिशवी उलटी करून दाखवायचे, "एक बोट तिरकं हाय. उद्या माजा खांदा असाच तिरका करंल त्यो."

सूटपीसची बडदास्त मात्र राजेशाही. दर दसऱ्याला तो ट्रंकेतून निघायचा, गच्चीवर सावलीत हवा खायचा, कडुलिंबाचा ताजा पाला घेऊन परत आत जायचा. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तेव्हा साडूंच्या पाटावर पाना, कॅलिपर आणि सूटपीस अशी तिघांची पूजा व्हायची. अक्का कुंकू लावताना म्हणायच्या, "ह्याला बी लावू का? डाग पडंल." साडू म्हणायचे, "लांबनं दाव."

आणि दर दिवाळीला आम्ही दोघं जावई चंदगडला गेलो की मामा पुढच्या सोप्यातूनच हाक घालायचे, "जावईबापू, सूट शिवलासा न्हवं?" साडू चपला काढता काढता सांगायचे, "ट्रायलला हाय, मामा." पहिली काही वर्षं मामांनी हे खरं मानलं असावं. पुढं माझी मुलं शाळेत गेली, साडूंची लेक कॉलेजात गेली, साडू स्वतः रिटायर झाले, पण सूट ट्रायललाच राहिला. मामा विचारायचे आणि साडू सांगायचे. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसं ते झालं होतं. त्याशिवाय दिवाळी सुरूच होत नसे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला साडूंच्या लेकीची सुपारी फुटली. लग्न मार्गशीर्षात ठरलं. ते सांगायला आम्ही चंदगडला गेलो, तर मामा बरेच वाळलेले दिसले. डोळ्यांनी अधू, काठीशिवाय उठणं नाही. ट्रायलचा मंत्र झाल्यावर नेहमीसारखे हसले नाहीत. साडूंचा हात धरून म्हणाले, "आता पुरं झाली ट्रायल. नातीच्या अक्षतेला त्यो सूट घालून हुबं ऱ्हावा. तेवढं डोळ्यानं बगितलं की मी जायाला मोकळा झालो." साडू जेवताना भातावर आमटी घ्यायची विसरले आणि परतीच्या एसटीत कंडक्टरच्या खाकी शर्टाचा खांदा समोर असूनही त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

मग मी गाडी चालवायची आणि साडूंनी मागं सूटपीसची पिशवी पोटाशी धरून बसायचं, अशी आमची भर पावसात वणवण सुरू झाली. भाव पाकिटाच्या पार पलीकडं गेलेले. एकजण म्हणाला, "काका, एवढ्यात काज-बटन हुतंय." दुसऱ्यानं भाड्याचा सूट दाखवला. साडूंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो आपणहून दोन पावलं मागं सरला. लेकीनं फोनवर रेडिमेड सूट दाखवला, तर दोन दिवस तिच्याशी अबोला. नवऱ्या मुलाचा सूट झाला, व्याह्यांचा झाला, आणि इकडं साडू अजून पिशवीच्या शिवणी तपासत होते.

शेवटी मंगळवार पेठेतल्या एका बोळात आम्हाला चाचा सापडले. चाचा मुख्यतः बँडवाल्यांचे कोट शिवतात. दुकानात लाल कापड, सोनेरी झालर आणि पितळी बटणांचा ढीग. मी दारातच म्हटलं, "खांद्यावर झुपके येतील हं." साडूंनी दुर्लक्ष केलं, कारण टांगलेल्या एका लाल कोटाचा खांदा त्यांच्या नजरेत भरला होता. त्यांनी बाही चिमटीत धरली, आत बोट घातलं, शिवण उलटी करून बघितली आणि पिशवी शिवायला न सांगता एकदम सूटपीसच टेबलावर ठेवला. मी खुर्चीचा आधार घेतला.

चाचांनी आधी मापं घ्यायला सुरुवात केली. साडूंनी सवयीनं श्वास धरला. "सोडा, सोडा," चाचा म्हणाले, "अक्षता पडस्तवर आसं वडून धरनार हाय व्हय? वरातीत काय करशीला?" मग त्यांनी कापड उलगडलं, उजेडात धरलं, पन्हा मोजला आणि मान हलवली. दर दसऱ्याला तीच घडी मोडून तीच घालून कापड घडीवर विरलं होतं. तेवढी पट्टी सोडून कापावं लागणार. आणि उरलेल्यात साडू बसत नव्हते. चाचा अगदी मायेनं म्हणाले, "कापडाची काय चूक न्हाय, पावणं. कापड हाय तेवढंच ऱ्हायलं, तुमी वाडलासा." एखादा बारीक, वाळका माणूस असता तर कोट निघाला असता, म्हणाले, वर एक जाकीटसुद्धा. पण पँटचं नाव नको.

साडूंनी कापडाची घडी घातली, पिशवी पोटाशी धरली आणि गाडीवर माझ्या मागं येऊन बसले. ज्या सूटची जन्मभर पूजा केली तो पूजेतच संपला होता. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि एरवी मी त्यांना किती चिडवतो तेही आठवलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून आवाज आला, "पावणं, धोतराव पँट लागत न्हाय." मी म्हटलं, "काय?" "बारीक आनि वाळका मानूस म्हनला न्हवं त्यो? मामांचा कोट करू. ऱ्हायल्यालं जाकीट माजं." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न द्यायला लागले, आणि मी वळून साडूंच्या तोंडाकडं बघतच राहिलो.

मामांना सांगून त्यांनी माप दिलं नसतं. मला आता कशाला, असं म्हणाले असते. म्हणून साडूंनी चंदगडला जाऊन मापासाठी त्यांचा सदरा चोरला. चंदगडच्या पावसात कपडे बाहेर वाळत नाहीत, चुलीवरच्या दांडीला टाकतात. तिथला मामांचा एकुलता एक बाहेर जायचा सदरा साडूंनी पिशवीत घातला आणि सरळ मुख्य रस्ता गाठून एसटी पकडली. मागं मामांनी गाव डोक्यावर घेतला. शेजारच्या घरची बकरी पूर्वी एकदा धोतर चघळताना सापडली होती. सगळा आळ त्या गरीब बकरीवर आला. चार दिवसांनी सदरा कुरिअरनं परत आला. तेव्हा मामांनी शेजाऱ्याला बोलावून विचारलं, "तुजी बकरी कोल्हापूरला गेलती काय रं?"

आणि शिलाई? हीच तर गंमत. कोट आणायला गेल्यावर साडूंनी खिशात हात घातला आणि चाचा म्हणाले तेवढे पैसे घासाघीस न करता दिले. मी दारातूनच म्हटलं, "पावणं, भाव पाडला नाहीत?" साडू कोटाची घडी हातावर घेत म्हणाले, "आहेराची शिलाई पाडत न्हाईत." कपाटातल्या पाकिटाला त्यांनी हात लावला नाही.

लग्नाच्या दिवशी साडू जाकिटात आले. जाकीट सुरेख बसलं होतं. मग त्यांनी मामांना कार्यालयाच्या आतल्या खोलीत नेलं आणि फेटा, धोतर यांच्यावर तो निळसर करडा कोट चढवला. मामांनी कापडावरून हात फिरवला. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण बोटांनी ओळखलं. "माजंच कापड की ह्ये." साडू म्हणाले, "कापड तुमचं. शिलाई माजी." म्हातारा तसाच कोटाच्या छातीवर हात ठेवून उभा राहिला. खांदा असा बसला होता की एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही.

फक्त डाव्या बाहीच्या टोकाला ट्रायलपुरते घालतात ते कच्चे टाके तसेच राहिले होते. चांगला लांब पांढरा दोरा. चाचा काढायला विसरले, म्हणून मी तो ओढायला गेलो, तर साडूंनी माझा हात धरला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मीच ठेवाया सांगिटलाय." मी विचारलं, "का हो?" साडू दुसरीकडं बघत होते. "पुरा सूट बगितला की मोकळा हुतो म्हनलाय म्हातारा. कशाला घाई करायची?"

या माणसाला मी एवढी वर्षं चिक्कू आणि चक्रम समजत होतो. मी उगाचच माझा फेटा नीट करू लागलो.

बाहेर अक्षता वाटायला सुरुवात झाली होती. मामांनी बाही डोळ्यांजवळ धरली. "जावईबापू, ह्यो पांढरा दोरा कशाचा?"

साडू त्यांच्या कानाशी वाकले. "ट्रायलला हाय, मामा."

मामा खुदकन हसले. "मग घाई न्हाय म्हना की."

"न्हाय की. सावकाश."

परवाच्या सणाला आम्ही चंदगडला गेलो होतो. मामा कोट घालून सोप्यात बसले होते आणि बाहीचा दोरा धुरानं मळून तुटायला आला होता. दुपारी त्यांचा डोळा लागला, तेव्हा साडूंनी खिशातून सुईदोरा काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बाहीला नवा कच्चा टाका घातला. टाका बराच वाकडा आला. एका सुताची चूक जन्मभर न खपवणाऱ्या माणसानं तो तसाच राहू दिला.