सोलरवरचं धोतर

हातातला चहा आधी खाली ठेवा. हसताना अंगावर सांडला तर मी जबाबदार न्हाई, कारण असा बावळटपणा अख्ख्या अहमदपुरात माझ्याआधी कुणी केला नसेल.

सगळ्या गल्लीनं घरावर सोलर बसवलं, मी मात्र थांबलो. हुशार ना मी! "दर वर्षी स्वस्त होऊन राहिलंय. घाई करणारे येडे. पुढं तर चादरीसारखं अंथरायचं सोलर येणार हाय, थांबा!" हॉटेलात बसून हे इतकी वर्षं सांगितलं, की हॉटेलवाला मला लांबून बघूनच 'थांबा, थांबा' म्हणायचा.

खरी अडचण वेगळीच होती. गच्ची! उन्हाळाभर ती बायकोच्या मालकीची. कुरडया, पापड, सांडगे. तिथं लोखंडी सांगाडा ठोकायची माझी काय टाप?

अन् यंदा ते निघालं की हो! चटईसारखं पातळ, वाकणारं सोलर. भावही उतरलेला. लातूरहून खोकं मांडीवर घेऊन एसटीनं आणलं. गच्चीवर अंथरलं, कूलर जोडला अन् बायकोला म्हणालो, "बघ! ना खांब, ना सांगाडा. गच्ची तुझी ती तुझीच."

"नक्की ना?"

"शब्द हाय आपला!"

मग काय, देगलूरच्या व्याह्यांना फोन. लेकीच्या लग्नापासून माझ्या एकाही गोष्टीवर त्या माणसाचा विश्वास म्हणून बसला नव्हता. म्हटलं, "सोयरे, याच एकदा. सोलरच्या वाऱ्यात जेवू घालतो!"

व्याही आले. भर मे, दुपारची वेळ, लाइट गेलेली. मी मिशीवर हात फिरवत बटन दाबलं.

कूलरनं एक उसासा टाकला अन् गप्प.

"हाच का तो वारा?" व्याही घाम पुसत म्हणाले.

इज्जतीचा प्रश्न! दुकानदाराला फोन लावला, तोही स्पीकरवर. आपण कोण आहोत ते व्याह्यांना कळायला नको? "काय रे, काय माल गळ्यात मारलास?"

"काका, वर सावली तर पडली न्हाई ना?"

"सावली? मे महिन्यात? अरे, इथं माणसाला सावली मिळंना, तुझ्या सोलरला कुठून मिळणार! थांब, व्याह्यांनाच साक्षीला नेतो वर."

गेलो की वर! फोन चालूच.

सोलर दिसेचना. दिसत होतं पांढरंशुभ्र धोतर, सोलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरलेलं, अन् त्यावर कुरडयांच्या रांगा.

"अगं, हे काय?"

बायको कुरडई उलटत म्हणाली, "तुमीच शब्द दिलता, गच्ची माझीच म्हणून. अन् काय तापतंय हो तुमचं सोलर! कुरडई एका उन्हात कडक."

व्याही कुरडयांकडं बघतच नव्हते. ते वाकून धोतराचा काठ चाचपून राहिले होते.

"सोयरे, हे मी तुमाला आहेरात दिल्यालं न्हाई का?"

तेवढ्यात फोनमधनं दुकानदार बोलला, "काका, कुरडया चालणारं डिझाईन अजून निघालं न्हाई. थांबा, थांबा!"

"काढ ते धोतर आधी!" मी बायकोवर ओरडलो.

"न्हाई. अर्धवट वाळल्या तर बुरशी धरतील. ऊन उतरल्यावर काढते."

खाली आलो. व्याही जेवायला बसले, ताटात तळलेल्या कुरडयांचा ढीग. अन् खोटं न्हाई सांगत, कबूल केल्याप्रमाणं त्यांना सोलरचा वारा मिळाला! सोलरच्या खोक्याचा पुठ्ठा होता ना, तो दोन्ही हातांत धरून मी शेजारी उभा.

"जरा जोरात, सोयरे," व्याही म्हणाले, "ढग आल्यावानी वाटून राहिलंय."