कोकरे सरांच्या मोबाइलमधला माझा आवाज

कोकरे सरांना मी प्रथम पाहिलं ते शिरूरच्या मैदानावर. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, आणि मुलींची कबड्डीही. मूळचे राहू गावचे सर तळेगाव ढमढेरेच्या मुलींना सरावाच्या सामन्यासाठी घेऊन आले होते. सामना सुरू झाला आणि ते रेषेजवळ मांडी ठोकून मोबाइल धरून बसले. कॅमेऱ्याचे मोबाइल तेव्हा नवे होते.

“सर, शूटिंग लग्नात करतात,” मी म्हटलं.

“लग्नात नुसतं जेवाण असतंय, बाई. पकड हितं हाय.”

सरांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात इतरजण त्यांच्या साधेपणावर लिहितीलच. मी एवढंच लिहिते, की मी त्यांचा कायम हेवा केला. मी फळ्यावर बाण काढून बचावाची साखळी समजवायची तेव्हा मुली जांभया देत. सरांच्या मुली त्या इवल्याशा पडद्यावर एकच चढाई थांबवून, मागे नेऊन पुन्हा बघत. सर मुलींच्या वडिलांच्या फोनवर ब्लूटूथने क्लिप पाठवत. आठवडे बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसून चढाया बघणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

माझी भिस्त इंग्रजीवर होती. कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा तेवढा तरी उपयोग. मी ‘लेफ्ट क्लोज’ ओरडले की आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीनं झडप घालायची. समोरच्यांना काही कळत नसे.

निवृत्तीआधीचा तो माझा शेवटचा तालुका करंडक. अंतिम सामन्यात आम्ही एका गुणाने पुढे, आणि शेवटची चढाई सरांच्या संघाची. मी ‘लेफ्ट क्लोज’ ओरडले. आमची मुलगी हलायच्या आत त्यांची पोरगी आमच्या उजव्या बाजूला वळली, दोघींना शिवली आणि परत गेली. दोन गुण, करंडक त्यांचा.

मी तणतणत सरांकडे गेले. ही चोरी आहे, असं सुनावलं. सरांनी आमच्या जुन्या सामन्याची क्लिप लावून मोबाइल पुढे केला. खेळाडू धुरकट दिसत होते, पण माझा आवाज खणखणीत.

“चित्र नीट येत न्हाई, बाई. पोरी तुमच्या आवाजावरच शिकल्या.”

गेल्या महिन्यात तळेगावला गेले होते. मैदानाच्या कडेला मी काहीतरी बोलले, तशी एक नवी मुलगी वळून म्हणाली, “सर, लेफ्ट क्लोजवाल्या बाई ह्याच का?”

“ह्याच. पाया पडा.”

सगळा संघ रांगेने वाकला. माझ्या स्वतःच्या विद्यार्थिनी रस्त्यात दिसल्या तर ओढणी सावरून पुढे जातात.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांनी हवे तितके फोन बदलावेत. फक्त जुना टाकण्याआधी ती क्लिप नव्यात उतरवून घ्यावी.