उरलेलं कोण संपवतं?

दिवाळीचा फराळ संपला त्याच आठवड्यात सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात गेले. कोपर स्टेशनच्या बाजूला आमची जुनी बिल्डिंग... तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाकून, बसत बसत खाली उतरल्या.

वजन वाढलेलं, गुडघे बोलायला लागलेले. कित्येक महिने भाजीसुद्धा खिडकीतून दोरी सोडून, पिशवीतून वर यायची. शेवटी माझ्या नवऱ्याने टिटवाळ्याला लिफ्टवाले फ्लॅट बघायला सुरुवात केली.

पण आईंचं भजनी मंडळ, मैत्रिणी, सगळं या गल्लीत. फ्लॅटचा विषय निघाला की त्या लसूण सोलत बसायच्या... मला ते बघवायचं नाही.

उपाय काही कमी केले नव्हते. एका डाएटिशियनने चार्ट दिलेला, त्यात किनोआ आणि अ‍ॅव्होकॅडो. आईंनी तो नीट घडी करून पोळ्यांच्या डब्याखाली घातला.

दवाखान्याच्या भिंतीवर सरकारी पोस्टर होतं, तेल कमी खा, साखर कमी खा. म्हटलं, झालं! एवढे जिने उतरून हेच ऐकायला आलो. सरकारी कामाबद्दल माझं मत तसं फारसं बरं नाहीच...

आत एक तरुण डॉक्टर होती. काय काय खाता, असं तिने विचारलं आणि आईंनी खरं तेच सांगितलं. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरणभात, गोड नाही, तळलेलं नाही. एवढ्यावर वजन वाढतं कसं, हे कोडं मलाही होतंच.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "काकू, सगळ्यांची जेवणं झाली की उरलेलं कोण संपवतं?"

आई म्हणाल्या, "अहो, एवढासा भात, अर्धी पोळी... त्याला काय जेवण म्हणायचं? भांडं रिकामं करायचं म्हणून खाते. अन्न टाकून कसं द्यायचं?"

"टाकू नकाच. पण पोट म्हणजे काय फ्रिज आहे का, उरलं की ठेवलं आत?"

आई इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या बायका डोकावल्या. मीही हसले, आणि हसता हसता चपापले. लेकीची अर्धी पोळी, नवऱ्याचं "आज ऑफिसात खाऊन आलोय", वजन कमी करायचं म्हणून मी सोडलेला भात... आमच्या सगळ्यांचं डाएट आईंच्या पोटात जात होतं!

त्या दिवसापासून घरात नवा कायदा. कुकरचं लहान भांडं माळ्यावरून खाली आलं, आणि जो उरवेल त्याने ते दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचं. नवऱ्याला वागळे इस्टेटच्या ऑफिसात एकदा शिळी भेंडी न्यावी लागली, तेव्हापासून "जेवायला नाही" हा मेसेज संध्याकाळीच येतो.

आई सुरुवातीला जेवणं झाली की उगाच ओट्यापाशी घुटमळायच्या. हळूहळू त्या वेळात जिन्यात जायला लागल्या... आधी एक मजला खाली आणि परत वर, मग दोन.

डॉक्टरने खरं तर रस्त्यावर चालायला सांगितलंय. पण आमच्या फूटपाथवर स्कूटर मुक्कामाला असतात. तेव्हा पालिकेला हात जोडून सांगणं आहे, डॉक्टर गुणाची दिलीत, आता फूटपाथही द्या... पोस्टर वाचायला आम्ही येतोच.

आज सकाळी पोळ्या लाटत होते. खिडकीखालून हाक आली, "अगं, पिशवी टाक खाली! विसरले बघ."

बघते तर आई भाजीच्या गाडीपाशी! एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हाताने मेथीच्या जुड्या निवडतायत, आणि तोंडाने भाव करणं चालूच. दार कधी वाजलं तेही मी ऐकलं नव्हतं.

दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. भाजी वर आली, आणि बऱ्याच वेळाने, धापा टाकत, आईही. तव्यावरची पोळी करपली आणि माझे डोळे भरून आले, दोन्हीचं खापर मी धुरावर फोडलं.

डॉक्टरीणबाई, मनापासून थँक्यू. टिटवाळ्याला आता आम्ही फक्त गणपतीच्या दर्शनाला जाऊ.